बघितलं त्याने हात वर करायचा

हिरामामाच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात एकच नियम होता आणि तो भिंतीवर लिहिलेला नव्हता. भांडण झालं की मामा मेन स्विचवर हात ठेवून विचारायचा, "कोणी बघितलं?" ज्याने बघितलं असेल त्याने हात वर करायचा. नुसतं तोंडाने बोलून चालायचं नाही. हात वर, कोपर सरळ, शाळेत करतात तसा. एकही हात वर झाला नाही तर मामा स्विच खाली ओढायचा आणि सगळे टीव्ही एकदम काळे. ज्याचं भांडण त्याचाही, ज्याचा काही संबंध नाही त्याचाही. "मामा, माझी काय चूक?" असं कोणी कळवळून विचारलं, की उत्तर ठरलेलं.

"तुला डोळे हायत ना? मग तुझीपण चूक."

मी तेव्हा बंद कारखान्यांच्या कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. अन्याय बघून गप्प बसणारे तितकेच दोषी, वगैरे वगैरे. ती पत्रकं लोक स्टेशनबाहेर हातात घ्यायचे आणि जिना चढेपर्यंत टाकून द्यायचे. कळव्याच्या एका पत्र्याच्या गाळ्यात हा माणूस तेच काम एका स्विचवर करत होता आणि त्याचं ऐकलं जात होतं. निदान मला तसं वाटायचं.

हिराजी नाखवा हे पूर्ण नाव. कळव्याच्या खाडीकाठचा कोळी, ठेंगणा, दंडाला घट्ट. आयुष्य गेलं ते एका कारखान्याच्या गेटवर, वॉचमन म्हणून. कारखान्याचं नाव लिहीत नाही, त्याच्या मालकाला नावं बदलायची सवयच होती. मी पहिल्यांदा भेटले तेव्हा उत्साहाने म्हटलं, "म्हणजे मामा, कारखान्यांनी खाडीत घाण सोडली, मासळी मेली, आणि मग तुम्हाला त्यांच्याच गेटवर उभं राहावं लागलं." डोक्यात पत्रकाचा मथळासुद्धा तयार झाला होता.

मामाने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मासळीचं खरं हाय. पण मी त्याच्या आधीच गेटवर गेलेलो. मना होडी लागते."

"म्हणजे?"

"उलट्या होतात. कोळ्याच्या पोराला होडी लागते, कोणाला सांगू? तू छापू नको."

मी छापलं नाही. आता छापते आहे, कारण त्याच्याबद्दल लोक याहून वाईट बोलतात आणि ते खोटं आहे.

गेटवरच्या सवयी त्याने दुकानात तशाच आणलेल्या. शटर एक, कुलूप एक, तरी कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आत येणाऱ्या प्रत्येकाला, "थांब. नाव?" सदा रिक्षावाला रोज दुपारी रिक्षा बाहेर लावून यायचा आणि रोज वैतागायचा. "अरे मामा, सद्या! कालपण आलेलो, परवापण आलेलो!"

"रोज येतो तो पण नाव सांगतो. हां, जा."

त्याला खुर्चीवर बसलेला मी कधी बघितला नाही. आणि जेवण. गेटवर असताना तो कँटीनमध्ये कधीच गेला नाही. गेटच्या कठड्यावर डबा उघडायचा, तोंड रस्त्याकडे करायचं आणि उभ्याने जेवायचं. कामगार त्याची टिंगल करायचे, की मामाची भाकरी रस्ता बघितल्याशिवाय गिळली जात नाही. तो म्हणायचा, "वॉचमन जेवायला गेला, म्हणजे गेट उघडं टाकलं. मग तो वॉचमन कसला?" दुकानातही तसंच. पाठ टीव्हींकडे, तोंड दाराकडे, हातात तांदळाची भाकरी आणि वर सुकटीची चटणी. वास दुकानभर. कॉलेजची पोरं नाक दाबून खेळायची, पण त्याला काही बोलायची कोणाची टाप नव्हती.

दुकान कसं निघालं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. कारखान्यात टाळेबंदी झाली. कामगार मांडव घालून गेटसमोर बसले. मालकाने आतली मशीन हलवू नयेत असा कोर्टाचा मनाई हुकूम मिळाला. मशीन आत आहेत तोवर कारखाना पुन्हा सुरू होण्याची आशा, मशीन गेली की उरते ती फक्त जागा, आणि ठाण्यात तेव्हा जागेला काय भाव येत होता ते वेगळं सांगायला नको. मग दहीहंडीचा दिवस आला. कामगारांच्याच पोरांचं पथक टेंभी नाक्याला चाललेलं. मांडवातली माणसं म्हणाली, दुपारपुरतं जाऊन येऊ. परत आली तेव्हा शेड रिकामी होती. ट्रक आले, मशीन भरली, गेले. तेही भर दुपारी.

मालकाने कोर्टात सांगितलं, की मशीन मनाई हुकमाच्या आधीच गेली होती. खरं काय ते बघणारा माणूस एकच. गेटवरचा वॉचमन. मामाला त्याच आठवड्यात कामावरून काढला. भाच्याने दुबईहून टीव्हीला जोडायचे गेमचे डबे आणून दिले, बायकोच्या मासळीच्या गाळ्याशेजारी पत्रा ठोकला आणि मामा दुकानदार झाला.

मी त्याच्याकडे गेले ती साक्ष मागायला. मनाशी लांबलचक भाषण तयार केलेलं. त्याने ते अर्ध्यात तोडलं.

"ट्रक बघितले का, एवढंच ना? बघितले. सांगीन."

"मामा, त्रास होईल."

"तो झालाच हाय. बघितलं ते सांगायला कसली हिंमत लागते? तोंड लागतं."

आतल्या एका टीव्हीवरून सदा ओरडला, "ताई, मामाला घाबरवू नका, आमचे गेम बंद पडतील!" सगळे हसले. त्या हसण्यात मलाही बरं वाटलं होतं.

आता त्या गेमबद्दल. नव्वदचं दशक सरत आलेलं, आणि निनाद नावाचा ठाण्याचा इंजिनीअरिंगचा मुलगा कुठूनतरी परदेशी मासिकाचं एक पान घेऊन आला. अजून न आलेल्या गेमची जाहिरात. चित्रात एक शिपाई भिंतीला पाठ लावून उभा, पलीकडे पाठमोरा पहारेकरी. इंग्रजी वाचून दाखवलं लिमयेंनी. लिमये बँकेत होते, राहायला डोंबिवलीला. ऑफिसातून परतताना मुद्दाम कळव्याला उतरायचे आणि पडद्याआडच्या कोपऱ्यातल्या टीव्हीवर अर्धा तास खेळून मग घरी जायचे. डोंबिवलीत खेळले असते तर कोणीतरी ओळखीचं दिसलं असतं. वय चाळिशीकडे, हातात डब्याची पिशवी, आणि घरी सांगितलेलं की हल्ली काम वाढलंय.

"यात," लिमये चष्मा सावरत म्हणाले, "शत्रूच्या तळात शिरायचं, पण कोणाच्या नजरेस न पडता. मारामारी जितकी टाळाल तितकं उत्तम."

"काय?" सदा रिमोट टाकून उठला. "बंदूक देणार आणि मारायचं नाय? मग गेम कसला तो! लपाछपी आहे, लपाछपी. घरी बायकोबरोबर खेळतो मी."

"भाई, डोकं लागतं त्याला," निनाद म्हणाला. "तुझं काम नाय. तू आपला धाडधाड गोळ्या मार."

"आणि मी अर्ध्या तासाचे पैसे भरणार आणि अर्धा तास खांबामागे उभा राहणार? मीटर चालू ठेवून गाडी उभी करतात का?"

यावर खरी वादावादी पेटली. कोण म्हणे, मागे उभं राहून बघणाऱ्याला त्यात काय मजा. कोण म्हणे, हीच तर मजा, श्वास रोखून बघायचं. एक जण म्हणाला भित्र्यांचा गेम. लिमये हळूच म्हणाले, "मला आवडेल. गोंधळ नाही, आरडाओरडा नाही. कोणाला कळतसुद्धा नाही आपण येऊन गेलो ते."

मामा इतका वेळ पान हातात धरून उभा होता. "ह्यातला वॉचमन कोण होणार?" त्याने विचारलं.

"वॉचमन कोणी होत नाय मामा. तो कॉम्प्युटर असतो, एकाच रेषेत येतो-जातो. तो व्हिलन," निनाद म्हणाला.

"का? त्याने काय केलं? ड्युटीवर हाय तो."

"मामा, आपण हीरो. तो आपल्याला अडवतो."

"अडवणारच. चोर कोण, तुम्ही का तो?" मामाला मनापासून राग आला होता. "आणि हा चालतो कसा? निनाद, तू म्हणतोस हा एकाच रेषेत जातो, वळतो, त्याच रेषेत परत येतो?"

"हो. ते बघून ठेवायचं आणि मागून जायचं."

"असा कोण वॉचमन चालतो! माणूस मध्येच थांबतो, मागे बघतो. ज्याने बनवलाय त्याने गेट बघितलेलं नाय." मग पान त्याने स्वतःच खिळ्याला टोचलं. "आणू. भाच्याला सांगतो. पण अट एक हाय. एकदा तरी मना वॉचमन करून दाखवायचा."

पुढे महिनाभर दुकानात दुसरा विषय नव्हता. "मामा, आली का लपाछपी?" सदाने शिव्या घालत घालत पहिला नंबर लावून ठेवला होता. आपण सगळे कसे असतो बघा, आवडत नाही म्हणतो आणि रांगेत पुढे उभे राहतो.

कोर्टातली तारीख जवळ आली आणि एका दुपारी मोटारसायकलींवरून चौघे आले. मामा दारात जेवत होता. सवयीने म्हणाला, "थांब. नाव?"

हे मला नंतर मामाच्या बायकोने, सोनीकाकूने सांगितलं. ती शेजारच्या गाळ्यात होती. एकाने तिचा गाळा अडवला. बाकीचे मामाला ढकलत आत गेले. दुकान भरलेलं होतं. सदा, निनाद, आणि शनिवार असल्यामुळे लवकर सुटलेले लिमयेसुद्धा. आत शिरलेल्यांतला एक जण पोरांना म्हणाला, अगदी गोड आवाजात, "तुमचं चालू द्या. खेळा, खेळा. मागे बघायचं नाय."

आणि ते खेळत राहिले.

हे वाक्य मी पत्रकात लिहिलं होतं, कामगारांच्या समितीने ते खोडलं. म्हणाले, लोकांना दुखावून उपयोग नाही. इथे कोणी खोडणारं नाही. मागे लोखंडी पाइपने माणूस मारला जात होता, त्याच्या डब्यातली भाकरी जमिनीवर तुडवली जात होती, आणि आठ-दहा धडधाकट माणसं टीव्हीकडे तोंड करून बटणं दाबत होती. कोणाच्यातरी गाडीने गेममधली शर्यत जिंकली. टीव्हीतून टाळ्यांचा आवाज आला. सोनीकाकूला तो शेजारी ऐकू आला.

मी पोचले तेव्हा हवालदार आलेला होता. मामा भिंतीला टेकून जमिनीवर बसलेला. बसलेला मामा मी पहिल्यांदाच बघत होते. एक हात मांडीवर निर्जीव पडलेला, शर्ट रक्ताने भरलेला. हॉस्पिटलला चला म्हटलं तर नको म्हणाला, आधी हे होऊ दे.

हवालदाराने खिशातून पेन काढलं आणि कंटाळलेल्या आवाजात विचारलं, "कोणी बघितलं?"

अगदी तेच शब्द. त्याला बिचाऱ्याला माहीतही नव्हतं.

मामाने मान वर केली. एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मला आठवतं, त्याच्या नजरेत धाक नव्हता. उत्सुकता होती. आपण इतके दिवस शिकवलेलं आता बघायला मिळणार, अशी.

"मी गेम खेळत होतो साहेब," निनाद म्हणाला. "पाठ होती माझी."

"सगळ्यांचीच पाठ होती," दुसरा कोणी बोलला.

सदा जमिनीकडे बघत होता. त्याचा उजवा हात पॅन्टच्या खिशात होता आणि खिशातल्या खिशात त्याची मूठ हलत होती. पण ती बाहेर आली नाही. लिमये पडद्याच्या कडेने माझ्याजवळ आले आणि कुजबुजले, "हे पाहा, माझं नाव कुठे येता कामा नये. मी इथे येतो हे घरी ठाऊक नाही." एवढं बोलून ते दाराबाहेर सटकले. गोंधळ नाही, आरडाओरडा नाही. ते येऊन गेले हे हवालदाराला कळलंसुद्धा नाही.

"तुम्ही बोला की," मी ओरडले. "तोंडं शिवलीत का तुमची?" हवालदाराने मलाच दटावलं, की ताई, राजकारण इथे नको.

मामा उठला. कसा उठला कोण जाणे. चांगल्या हाताने भिंत धरत धरत मेन स्विचपर्यंत गेला आणि स्विच खाली ओढला. सगळे टीव्ही काळे झाले. या वेळी "माझी काय चूक" असं कोणी विचारलं नाही. एकेक जण खाली मान घालून, त्याच्या अंगाला अंग लागू न देता, बाहेर पडला.

ते दुकान पुन्हा उघडलं नाही. भाच्याने गेमचे डबे परत नेले. भिंतीवरचं पान मात्र खिळ्याला तसंच होतं.

तारखेच्या आदल्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. हात गळ्यात बांधलेला. दारात उभा होता, रस्त्याकडे तोंड करून. "येतो," एवढंच म्हणाला. सोनीकाकू मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. "ती माणसं परत आलेली," ती म्हणाली. "माझ्या गाळ्यावर पापलेट घेतलं. आमची पोरगी कुठल्या शाळेत शिकवायला जाते, कुठल्या रस्त्याने जाते, सगळं सांगत होती मना. तू शिकलेली हायस. तूच सांग, मी तुझ्या मामाला काय बोलू?"

पत्रकात याचं उत्तर नसतं.

कोर्टाची खोली कामगारांनी भरलेली होती. धुतलेले शर्ट, हातात टोप्या. आमच्या वकिलाने विचारलं, दहीहंडीच्या दिवशी दुपारी गेटवर कोण होतं? मामा म्हणाला, मी. ट्रक आले तेव्हा तुम्ही काय बघितलं?

मामाचा चांगला हात साक्षीच्या पिंजऱ्याच्या कठड्यावरून थोडा उचलला गेला आणि परत खाली आला.

"साहेब," तो म्हणाला, "मी जेवायला गेलेलो."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. राग येण्याआधी तसं हसू येतं. त्या खोलीत एकही कामगार असा नव्हता ज्याने मामाला गेटच्या कठड्यापाशी उभ्याने जेवताना बघितलं नव्हतं. मला आठवत नाही, लक्षात नाही, दिसलं नाही. म्हणण्यासारखं कितीतरी होतं. माणसाने खोटं बोलायला निवडलं तेही असं, की ज्याने त्याची स्वतःचीच अब्रू जावी. मालकाच्या वकिलाने त्याला पुन्हा विचारलं, म्हणजे तुम्ही ड्युटी सोडून गेला होता? मामा म्हणाला, "होय साहेब. गेट उघडं टाकलेलं."

केस तिथेच संपली म्हणायची. पुढच्या तारखा नुसत्या नावाच्या. बाहेर आल्यावर एक जुना फिटर मामाच्या समोर जाऊन थुंकला. "किती घेतले रे?" मी त्या फिटरला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचा कारखाना गेला होता, मला कळत होतं. पण विकत घेतलेला माणूस आणि एकटा पाडलेला माणूस यांतला फरक ज्याला दिसत नाही, त्याच्याबरोबर मी मोर्च्यात पुढे चालले असले तरी त्याला मी ऐकवणारच. मामाने माझा दंड धरला. "सोड. त्याने माझी टिंगल करून किती वर्षं काढली. आज मीच त्याला खोटा पाडला."

कारखान्याच्या जागेवर आता काय आहे ते ठाणेकरांना माहीत आहे. त्या टॉवरांच्या मधोमध पोहण्याचा तलावसुद्धा आहे.

मामाला शेवटचं बघितलं ते डोंबिवलीत. मी दुसऱ्या कुठल्याशा प्रश्नाची पत्रकं वाटत होते. एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर काचेच्या दाराचं गेमचं दुकान, एसी लावलेलं. इमारतीच्या वॉचमनने खांद्याला सैल पडलेला निळा युनिफॉर्म घातला होता. गेटपासून लिफ्टपर्यंत जायचा, वळायचा, परत गेटपर्यंत यायचा. एकाच रेषेत. येणाऱ्याजाणाऱ्याला तो नाव विचारत नव्हता. चालण्यावरून नाही, एका हाताच्या लोंबकळण्यावरून मी त्याला ओळखलं.

एका फेरीत तो काचेपाशी थांबला. आत ती लपाछपी चालू होती. आली होती शेवटी. भिंतीला पाठ लावून उभा शिपाई, पलीकडे कंदिलासारख्या पिवळ्या उजेडात पाठमोरा पहारेकरी. खेळणाऱ्याभोवती सातआठ जण श्वास रोखून उभे होते. म्हणजे बघणाऱ्यालाही मजा येत होती तर.

मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. मामा काचेला कपाळ टेकून बोलत होता, आतल्या कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

"मागे बघ," तो म्हणत होता. "अरे बाबा, मागे बघ."

पहारेकरी पडला. आत सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या.

"मामा," मी हाक मारली.

त्याचं बोलणं थांबलं. मग त्याने काचेवरचा आपल्या श्वासाचा डाग बाहीने पुसला आणि गेटच्या दिशेने चालू लागला. मागे बघितलं नाही.